हात गुंतले, मासा सुटला

शीप्सहेड नावाच्या माशाला माणसासारखे दात असतात. यात अतिशयोक्ती नाही. तोंड उघडून पाहिले तर पुढे पटाशीचे दात आणि मागे दाढांच्या ओळी. अंगावर काळे उभे पट्टे, म्हणून अमेरिकेत त्याला गमतीने ‘कैदी मासा’ही म्हणतात. पुलांच्या खांबांना चिकटलेली बार्नॅकल, कालवे, खेकडे हे सगळे तो या दातांनी फोडून खातो, त्यामुळे खांब सोडून फार लांब जाण्याची त्याला गरज पडत नाही. त्याला गरवायचे तर एका मोठ्या नांगीचा चिमुकला खेकडा (आपल्या खाजणातल्या चिखलात दिसतो त्याच जातकुळीतला) गरीला टोचायचा आणि खांबाला घासत सरळ खाली सोडायचा. मासा खेकडा फोडतो, आतले मऊ ओढून घेतो आणि कवच थुंकून मोकळा होतो. वर काठी धरून बसलेल्याला या सगळ्या भोजनातली फक्त एक बारीक ‘टक’ कळते, कित्येकदा तीही नाही. शीप्सहेडने चावायच्या क्षणभर आधी काठी उचलावी, असा तिकडच्या मुरलेल्या गळवाल्यांचा जुना विनोद आहे.

हाच खेळ आता कयाकमध्ये बसून खेळायचा आहे असे समजा. ओहोटीची ओढ दीड नॉट, म्हणजे ताशी पावणेतीन किलोमीटर. रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा वेग, त्यात घाबरण्यासारखे काही वाटत नाही. पण या वेगाने पाच सेकंदांत होडी जवळजवळ चार मीटर सरकते आणि आमिष खांबापासून चार मीटर लांब गेले की शीप्सहेडच्या दृष्टीने ते दुसऱ्या गावाला गेले. जागेवर राहायचे तर वल्हे मारत राहिले पाहिजे. वल्ह्याला दोन हात लागतात, काठीला निदान एक. माणसाला हात दोनच. वल्ह्याची कयाक बरी की पायाने चालवायची, हा समुद्रात मासे गरवणाऱ्यांमधला वाद या साध्या बेरजेतून सुरू होतो.

हे खांब आहेत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनिया राज्यात. चेसापीक बे ही सुमारे ३२० किलोमीटर लांबीची खाडी त्या देशातली सर्वांत मोठी. तिच्या मुखावर व्हर्जिनिया बीचपासून समोरच्या भूशिरापर्यंत जवळपास २८ किलोमीटरचा चेसापीक बे ब्रिज-टनेल पसरला आहे. १५ एप्रिल १९६४ रोजी तो खुला झाला. पूल असूनही तो सलग पूल नाही. नॉरफोकला अमेरिकी नौदलाचा प्रचंड तळ आहे, आणि कधी पूल कोसळलाच तर युद्धनौका आत अडकून पडू नयेत, म्हणून जहाजांच्या दोन मुख्य मार्गांवर रस्ता पाण्याखालच्या बोगद्यांत शिरतो. बोगद्यांच्या तोंडाशी दगड रचून केलेली चार कृत्रिम बेटे आहेत. उथळ, वाळूच्या तळाच्या खाडीत हजारो काँक्रीटचे खांब आणि दगडांचे ढिगारे उभे राहिले आणि माशांच्या दृष्टीने रातोरात एक शहर वसले. ते शहर माणसांनी मोटारींसाठी बांधले होते, ही गोष्ट वेगळी.

मुंबईकराला तिथल्या भरतीचा आकडा ऐकून हसू येईल. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. चेसापीकच्या मुखाशी हा फरक मीटरभरसुद्धा नसतो. पण पाणी किती चढते आणि किती जोरात वाहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एवढी लांबलचक खाडी दिवसातून दोनदा भरायची आणि दोनदा रिकामी करायची, तीही एकोणीस-वीस किलोमीटरच्या एका मुखातून. शिवाय सस्क्वेहॅना, पोटोमॅक, जेम्स अशा नद्यांचे पाणी त्यात भर घालते, म्हणून बाहेर जाणारी ओढ आत येणारीपेक्षा सहसा तिखट असते. खांबांच्या मधून वाट काढताना ती आणखी चेपली जाते. प्रत्येक खांबामागे भोवरे आणि मंद पाण्याचा एक त्रिकोण तयार होतो. शिकारी मासे त्या त्रिकोणात तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात आणि वाहून येणारे काही टिपतात. फुकट बसून जेवण दारात येण्याची ही सोय सोडून ते कुठे जातील?

भरतीची वेळ काढायची आपल्याकडची पद्धत प्रसिद्ध आहे. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणातल्या जलदुर्गांची भटकंती करणाऱ्यांनाही हा हिशेब पाठ असतो. चेसापीकला तो लागू पडणार नाही, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर भरती किती उशिरा येणार, हे प्रत्येक किनाऱ्याच्या आकारावर आणि खोलीवर ठरते. तत्त्व मात्र तेच: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिकडचे कयाकवाले नोआ या सरकारी संस्थेची कोष्टके पाहतात, आणि नवखा इथेच फसतो. कोष्टके दोन असतात, एक पाण्याच्या उंचीचे आणि दुसरे प्रवाहाचे. पूर्ण भरती झाली म्हणजे पाणी थांबले, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात उंची शिखराला पोचल्यानंतरही पाणी बराच वेळ आत वाहत राहू शकते. होडीला ओढते ती उंची नव्हे, प्रवाह. म्हणून दुसरे कोष्टक महत्त्वाचे.

तो प्रवाह किती ओढतो, याचे गणित एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. कयाकवाला निवांतपणे ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे तीन नॉट, वेग राखतो असे धरू. ओढ दोन नॉटची. तिच्याबरोबर चार किलोमीटर जायला त्याला २६ मिनिटे लागतात. मासे भरपूर लागतात, माणूस खुशीत येतो, परत फिरतो. आता त्याचा खरा वेग उरतो एक नॉट. तेच चार किलोमीटर परतायला सव्वादोन तास. वाऱ्याने साथ सोडली तर तेही नाही. खाडीत हरवलेल्या कयाकवाल्यांच्या बहुतेक कहाण्यांत हे साधे गणित कुठेतरी चुकलेले असते.

कयाक मुळात शिकारीची होडी आहे. सुदूर उत्तरेकडच्या इन्युइट आणि अल्युट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली, सील आणि लहान देवमाशांच्या मागे आवाज न करता जाण्यासाठी. हात गुंतण्याची अडचण त्यांनाही होतीच. त्यांचा उपाय असा, की भाला एका हाताने फेकायचा, वल्हे होडीवरच्या पट्ट्याखाली सरकवून आधारासारखे ठेवायचे, आणि भाल्याच्या दोरीला हवा भरलेले कातडे बांधायचे. जनावर ओढायचे ते त्या फुग्याला, होडीला नाही. आजच्या गळवाल्याला एवढी मुभा नसते. त्याचा तंगूस थेट त्याच्या हातातल्या रिळाला बांधलेला असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या होडीचे रूप पालटले. कॅलिफोर्नियात मालिबूच्या किनाऱ्यावर टिम निमियर याने जुना सर्फबोर्ड कोरून बसायला जागा केली. त्यातून पुढे ‘सिट-ऑन-टॉप’ कयाक आली: आत शिरायचे नाही, वर बसायचे, पाणी आले तर तळातल्या भोकांतून आपोआप निघून जाते. प्लास्टिक साच्यात फिरवून अशा होड्या स्वस्तात काढता येऊ लागल्या तेव्हा गळवाले त्यांच्यावर तुटून पडले. काठ्यांसाठी नळ्या, मागे बर्फाच्या पेटीला जागा, पुढे मासे शोधणारे सोनार यंत्र. मोटरबोट, तिचे इंधन आणि धक्क्यावरची जागा ज्याला परवडत नाही, तोही आता गाडीच्या टपावरून आपली होडी आणून पुलाच्या खांबापर्यंत जाऊ लागला. हात मात्र गुंतलेलेच राहिले.

पायांनी होडी चालवायची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात राजहंसाच्या आकाराच्या किंवा रंगीत छताच्या पेडल बोटीत बसून घामाघूम झालेली जोडपी सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या बोटी इतक्या संथ का, याचे उत्तर त्यांच्या पसरट तळात आणि पाणी उडवत फिरणाऱ्या चाकात आहे. पायांना त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मार्क ड्रेला याने बॉस्टनच्या चार्ल्स नदीवर ‘डेकॅव्हिटेटर’ नावाची पाण्याबाहेर उचलली जाणारी होडी पायांनी पेडल मारून साडेअठरा नॉट वेगाने चालवली. ताशी ३४ किलोमीटर, एका माणसाच्या ताकदीवर. मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. केवळ हातांनी यंत्र फिरवताना सामान्य माणूस जितका प्राणवायू वापरू शकतो, तो पायांनी सायकल मारतानाच्या साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतो. चांगला वल्हवणारा अर्थात नुसत्या दंडांनी वल्हवतच नाही. तो कंबरेतून धड फिरवतो, पायाने होडीला रेटा देतो. पण सुट्टीच्या दिवशी मासे धरायला आलेल्या दहा जणांत असे वल्हवणारे किती सापडतील, हे किनाऱ्यावर तासभर उभे राहिले की कळते.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या होबी कंपनीने ‘मिराज ड्राइव्ह’ बाजारात आणले. ग्रेग केटरमन हा त्यामागचा डोकेबाज माणूस. होडीच्या पोटाला एक भोक, त्यातून खाली उतरणारे दोन लवचीक पर. पाय आळीपाळीने पुढे रेटले की हे पर पाण्याखाली आडवे, उलटसुलट झुलतात आणि प्रत्येक झुल्याबरोबर पीळ घेऊन पाणी मागे ढकलतात. पेंग्विन पाण्याखाली पंख मारतो तसेच. एक पेडल पूर्ण पुढे दाबून धरले की दोन्ही पर होडीच्या पोटाला चिकटून बसतात आणि गुडघाभर पाण्यातूनही होडी निसटते. या नामी यंत्रातली एक खोट मात्र जवळपास दोन दशके तशीच राहिली: त्याला मागे जाता येत नव्हते. पुढे दोरी ओढून पर उलटे फिरवायची सोय झाली. दुसऱ्या कंपन्यांनी सरळ सायकलचा मार्ग धरला. पेडल गोल फिरवायचे, दंतचक्रांनी वेग वाढवायचा, खाली छोटा पंखा. उलटे पेडल मारले की होडी लगेच मागे. हा उलटा गिअर जाहिरातीत एका ओळीत संपतो. खांबापाशी सगळा खेळ त्याचाच असतो.

त्याआधी वेगाबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. पेडलवाली कयाक पुष्कळ वेगवान असेल, असे विकत घेणाऱ्याला वाटते. पाण्याचा नियम निराळा आहे. होडी पुढे जाताना नाळेपाशी एक लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते आणि तिची लांबी होडीएवढी झाली की होडी आपणच केलेल्या खळग्यात बसते. तिथून पुढचा सगळा जोर चढ चढण्यात जातो. १२ फुटी होडीला ही भिंत साधारण साडेचार नॉटला लागते, मग पाय असोत की हात. शिवाय गळवाल्यांच्या पेडल कयाका मुद्दाम रुंद असतात, उभे राहून गळ टाकता यावा म्हणून, आणि रुंद होडी पाणी जास्त ढकलते. सतरा फुटी, अरुंद, समुद्री कयाक चालवणारा कसलेला वल्हेकरी पेडलवाल्याला सहज मागे टाकतो. पेडलमुळे वेग फारसा मिळत नाही. तीन नॉटचा तोच वेग तीन तास टिकवता येतो, आणि त्या तीन तासांत हात रिकामे राहतात. भरती-ओहोटीच्या पाण्यात ही मिळकत लहान नाही.

खांबापाशी हे कसे दिसते? पेडलवाला प्रवाहाच्या खालच्या अंगाने खांबाजवळ येतो, नाळ ओढीकडे ठेवतो आणि पाय हळूहळू चालू ठेवतो, शिवणयंत्रावर बसलेल्या माणसासारखे. डाव्या हाताशी सुकाणूचा छोटा दांडा. त्याला अधूनमधून बोटभर हलवायचे, बाकी दोन्ही हात काठीवर. होडी पाण्यात चालते आहे, पण खांबाच्या मानाने जागच्या जागी आहे. ‘टक’ होते. काठी वर जाते. शीप्सहेड आता सरळ खांबाच्या आड धाव घेणार, कारण तिथल्या कालवांच्या धारेवर तंगूस एका घासणीत तुटतो, हे जणू त्याला ठाऊक असते. पाय तत्क्षणी उलटे फिरतात, होडी मागे खेचली जाते, आणि माशाची लढाई खांबापासून दोन मीटर लांब, मोकळ्या पाण्यात होते. वल्हेवाल्याने याच क्षणी काय करायचे? काठी मांडीत दाबून, एका हाताने वल्ह्याचे एक पाते पाण्यात खुपसून मागे रेटायचे. जमते, अगदी नाही असे नाही. जमवणारे आहेतही. पण त्या दोन सेकंदांत बहुतेक मासे खांबाला वळसा घालून गेलेले असतात.

वल्हेवाल्याचा पारंपरिक उपाय नांगराचा. आणि ओढीच्या पाण्यात कयाकचा नांगर ही चेष्टेची गोष्ट नाही. नांगराची दोरी होडीच्या मध्यावर, बसल्या जागेच्या बाजूला बांधली तर प्रवाह होडीला आडवी धरतो, दोरीच्या अंगाची कड खाली दाबतो, तिच्यावर पाणी चढते, आणि काही सेकंदांत माणूस पाण्यात असतो. म्हणून होडीच्या कडेने पुढून मागे फिरणारी दोरीची एक फेरी असते, दोन टोकांना कप्प्या. नांगर हाताशी सोडायचा आणि मग फेरी ओढून त्याची दोरी पार नाळेच्या किंवा मागच्या टोकाला न्यायची. दोरीला झटक्यात सुटणारी कडी आणि तिच्यापुढे एक तरंगता गोळा हवाच. जहाजाची लाट आली किंवा मोठा मासा लागला की कडी सोडून निघायचे आणि नंतर गोळा शोधत परत यायचे. पुलाखालच्या दगडांत अडकलेले लहान नांगर किती असतील, याची मोजदाद खेकड्यांकडेच असेल.

शीप्सहेडसाठी पाणी मंद लागते, नाहीतर आमिष सरळ खाली उतरतच नाही. भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थबकते त्याच्या आगेमागे मिळून वल्हेवाल्याला जेमतेम तासभर कामाचा वेळ मिळतो. पेडलवाला तीच वेळ दोन-तीन तासांपर्यंत ताणू शकतो. पेडलचा सगळ्यात मोठा फायदा कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर हे: घड्याळ लांबते. आणि सगळ्यात मोठा धोका कोणता, तर तोच. ओढ पहिल्या तासात तिच्या कमाल जोराच्या निम्म्यावर येते, दुसऱ्याच्या अखेरीस नव्वद टक्क्यांवर, तिसऱ्याला पूर्ण. वल्हेवाल्याचे खांदे पहिल्या तासातच कुरकुरायला लागतात आणि तो निघतो. पेडलवाल्याचे पाय तक्रार करत नाहीत. तो थांबतो, अजून एक मासा म्हणून थांबतो, आणि निघायचे ठरवतो तेव्हा ओहोटी पूर्ण जोरात अटलांटिककडे धावत असते.

व्हर्जिनिया बीच शहरातच, पुलाच्या पायथ्यापासून काही किलोमीटरवर, चित्र उलटे होते. लिनहेवन नावाची लहान खाडी गवताळ दलदलीत आत शिरते. चिखल, कालवांची बने, वळणावळणाच्या चिंचोळ्या वाटा. पाणी कुठे घोटाभर, कुठे मांडीभर. इथे ठिपक्यांचे ट्राउट आणि तांबूस रेड ड्रम गरवायचे तर होडीखाली दीड फूट लोंबकळणारे यंत्र म्हणजे लोढणे. पंख्याला पाणगवत गुंडाळले जाते, परांना कालवे ओरबाडतात. होडी जागेवर उभी असताना सुकाणूही निरुपयोगी, कारण पाणी त्यावरून वाहिले तरच ते वळवते. वल्ह्याचे एक पाते चिखलात टेकवा, होडी थांबली. बाजूला एक लांब फटका मारा, होडी जागच्या जागी फिरली. तेच वल्हे खोली मोजते, चिखलातून ढकलते, दुसऱ्या होडीला जवळ ओढते. एका लाकडाच्या किंवा कार्बनच्या दांड्यात एवढी अवजारे कोंबलेली असतात, आणि त्यात बिघडण्यासारखा एकही स्क्रू नसतो.

वजनाचा मुद्दा दुकानात कळत नाही, किनाऱ्यावर कळतो. १२ फुटी साधी वल्ह्याची कयाक ३० किलोच्या आसपास. एकटा माणूस गाडीच्या टपावर चढवू शकतो. १४ फुटी रुंद पेडल कयाक खुर्ची, यंत्र, सुकाणूसकट ६० किलोच्या पुढे जाते. तिला चाकांची गाडी लागते, बऱ्याच जणांना ट्रेलर लागतो. किंमतही साध्या होडीच्या तिप्पट-चौपट. शिवाय वाळूवर फुटणाऱ्या लाटांतून बाहेर पडताना आणि विशेषतः परत येताना यंत्र उचलून आत घ्यावे लागते, नाहीतर तळ लागून ते मोडते. शेवटचे पन्नास मीटर पेडलवाल्यालाही वल्हेच मारायचे असते. ज्याने वर्षभर वल्ह्याला हात लावलेला नाही, त्याची पारख याच पन्नास मीटरांत होते. आडव्या लाटेत पाते पाण्यावर सपाट टेकवून तोल सावरणे हे वल्हेवाल्याच्या अंगवळणी पडलेले असते. पायांना तसा टेका देता येत नाही.

उन्हाळ्यात खाडीत कोबिया येतो. हा मासा आपल्याही ओळखीचा. गोव्यात मोडसो, कोकणपट्टीत सकला म्हणतात तो हाच, एकाच जातीचा. चेसापीकला तो तरंगत्या बोयांच्या आणि खांबांच्या सावलीत पाण्याच्या अगदी वर रेंगाळताना दिसतो. वीस-पंचवीस किलोचा सकला लागला की तो कयाकला घोडागाडीसारखा ओढत नेतो; गळवाल्यांना हा प्रकार मनापासून आवडतो. दिसलेल्या माशाचा मागोवा घेत, उभे राहून, हातात काठी तयार ठेवून जायचे तर पेडलला तोड नाही. मग मासा होडीवर घेतला की खरी कसोटी: जिवंत सकला पायांशी फडफडू लागला की पेडल, सोनार, डब्या, सगळे एकदम उडते. तेव्हा मोकळे हातही अपुरे वाटतात.

डिसेंबरात खेळ रात्रीचा. पुलांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो आणि पुलाची सावली त्याला सरळ रेषेत कापते. अटलांटिक किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बास माशांची मोठी संख्या चेसापीकच्याच गोड्या उपनद्यांत जन्मते. हे पट्टेदार मासे अंधाराच्या बाजूला उभे राहून उजेडात भरकटणारे छोटे मासे उचलतात. शीप्सहेडला मंद पाणी हवे, यांना वाहते. ओढ जितकी चांगली, तितकी त्यांची भूक. म्हणजे थंडी, अंधार आणि जोराचे पाणी, तिन्ही एकदम. पेडलवाल्याचे हात कोरडे राहतात आणि पाय चालू असल्याने अंग गरम राहते. वल्ह्यावरून निथळणारे थेंब मात्र बाहीत शिरतात. हा फरक आरामखुर्चीतून क्षुल्लक वाटेल. पाणी दहा अंशांच्या आसपास असते, तेव्हा वाटत नाही.

अशा पाण्यात पडले तर काय होते, याचा एक सोपा हिशेब कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी लोकांपुढे ठेवला आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास काबूत आणण्याचे. धाप अशी लागते की तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपते. पुढची सुमारे दहा मिनिटे हात-पाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास. होडीवर परत चढायचे ते त्या दहा मिनिटांत. रुंद पेडल कयाक सहसा उलटत नाही, पण उलटली की तिची रुंदी आणि वजन आपल्यावर उलटते. पर आकाशाकडे करून तरंगणारी साठ किलोची होडी थंड पाण्यात एकट्याने सरळ करायची, तर तिच्या कडेला आधीच पट्टा बांधलेला हवा आणि उन्हाळ्यात सराव झालेला हवा. अरुंद वल्ह्याची होडी लवकर कलंडते, आणि लवकर सरळही होते. कोणाला काय सोसते, ते ज्याने त्याने ठरवावे. पण कोरडा सूट आणि जीवरक्षक जाकीट न घालता डिसेंबरात पुलाखाली जाणाऱ्याला दोन्ही होड्यांचा सारखाच उपयोग.

२०२२ मध्ये सिरिल देरेमो हा कॅलिफोर्नियात राहणारा फ्रेंच-अमेरिकी माणूस माँटेरेहून हवाईला ९१ दिवसांत कयाकने एकटा पोचला. त्याच्या होडीत वल्हेही होते आणि पायाचे पेडलही. मासे धरणे हा त्याचा हेतू नव्हता. पण इतक्या लांबवर निघालेल्या माणसाने दोहोंपैकी एकही घरी ठेवले नाही, हे नोंदवण्यासारखे आहे. पुलाखाली जाणारे अनुभवी पेडलवालेही वल्हे कडेच्या कडीत अडकवलेलेच ठेवतात.

पुलाच्या उत्तर टोकापासून थोडे वर किप्टोपीक नावाची जागा आहे. पूल होण्यापूर्वी इथे फेरीबोटींचा धक्का होता. त्याला लाटांपासून आडोसा म्हणून दुसऱ्या महायुद्धात बांधलेली नऊ काँक्रीटची जहाजे किनाऱ्यासमोर ओळीने बुडवून ठेवली. १९६४ मध्ये पूल सुरू झाला, फेरी बंद पडली, जहाजे तिथेच राहिली. आता त्यांच्या अंगातल्या सळया बाहेर आल्या आहेत आणि पाठीवर पाणपक्षी बसतात. किनाऱ्यावरच्या उतरणीवरून कयाकने तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. दोन जहाजांमधल्या फटीतून ओहोटी नळाच्या तोंडातून निघावी तशी निघते, आणि मासे नेमके तिथेच असतात.

पाणी थबकलेले असताना तिथे दोन्ही प्रकारच्या होड्या शेजारी शेजारी तरंगत असतात. मासे लागत नाहीत. कोणी डबा उघडतो, कोणी गुंतलेला तंगूस सोडवतो, कोणी घड्याळ पाहतो. मग जहाजाच्या काँक्रीटला चिकटलेले शेवाळ, जे आतापर्यंत सरळ खाली लोंबत होते, हळूच एका बाजूला कलते. वल्हेवाला नांगराची फेरी नाळेकडे ओढून घेतो. पेडलवाला डबा बंद करतो आणि पाय चालू करतो.